रात्री तुटणारा सिग्नल: सेन्सर बदलण्यापूर्वी आलेखातला खंड वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षांच्या, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीच्या दंडावर सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर लावलेला आहे. त्याला जोडलेला अँड्रॉइड फोन रात्री तिच्याच खोलीत, दाराजवळच्या फळीवर असतो आणि आई दुसऱ्या खोलीत स्वतःच्या फोनवर आकडे पाहते. गेले तीन आठवडे बहुतेक रात्री आईच्या फोनवरील आलेखात खंड पडतो. कधी तो अर्ध्या-पाऊण तासाचा असतो आणि सकाळी भरून निघालेला दिसतो. दोनदा मात्र तो पहाटे तीनच्या सुमारास सुरू होऊन मुलगी उठेपर्यंत टिकला. एका रात्री कमी साखरेचा अलार्म वाजला, तेव्हा बोट टोचून पाहिल्यावर साखर १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर, म्हणजे ठीक, निघाली. या काळात दोन सेन्सर मुदतीआधी काढून टाकले गेले आणि ॲप दोनदा पुसून नव्याने टाकले गेले. आईचा प्रश्न आहे: सेन्सरच सदोष येत आहेत, की आता फोन बदलावा?

मी चौदा वर्षे मधुमेह शिक्षिका म्हणून काम करते आणि त्यातला मोठा भाग सेन्सर वापरणाऱ्या मुलांच्या पालकांसोबत जातो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला दोन्ही पर्याय घाईचे वाटतात. तुमच्यापुढे एक बिघाड नसून किमान दोन, बहुधा तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सगळ्या आईच्या फोनवर एकाच रूपात, म्हणजे ‘आकडा नाही’ किंवा ‘आकडा चुकीचा’ अशा दिसत असल्यामुळे एकच कारण असल्याचा भास होतो. तुम्ही सेन्सरचे नाव लिहिलेले नाही, मुलीला पंप आहे की पेनने इन्सुलिन दिले जाते हेही लिहिलेले नाही, म्हणून काही तपशील मला ‘असे असेल तर’ या स्वरूपातच सांगावे लागतील. शोध घेण्याची पद्धत मात्र सर्व प्रणालींना सारखीच लागू पडते.

आकडा तुमच्यापर्यंत तीन टप्प्यांनी पोहोचतो. त्वचेखालची बारीक तार पेशींमधल्या द्रवातील ग्लुकोजवर विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने रासायनिक क्रिया घडवून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते, आणि त्या प्रवाहावरून आकडा काढला जातो. हा पहिला टप्पा. तो आकडा ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरचा संदेश पाठवणारा भाग, ब्लूटूथने मुलीच्या फोनकडे पाठवतो, हा दुसरा. मुलीचा फोन तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि सर्व्हर तुमच्या फोनकडे पाठवतो; हा तिसरा. तुम्ही साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाशी उभ्या आहात, त्यामुळे आधीची कोणतीही कडी निखळली तरी तुम्हाला सारखेच दिसणार. म्हणून पहिली गोष्ट अशी करावी, की खंड पडलेल्या सकाळी आपल्या फोनकडे न पाहता मुलीच्या फोनकडे पाहावे. तेथे रात्री सिग्नल तुटल्याची सूचना आली होती का, सेन्सरमध्ये त्रुटी असल्याची सूचना आली होती का, की काहीच सूचना नव्हती आणि आलेख अखंड होता? आलेख अखंड असून कोणतीही सूचना नसेल, तर दोष बहुधा तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीत किंवा सर्व्हरमध्ये आहे, आणि सेन्सरला हातही लावण्याचे कारण नाही. सर्व्हर क्वचितच बंद पडतात, पण पडतात. २०१९ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस एका मोठ्या प्रणालीत असे घडले होते. मुलांच्या फोनवर आकडे येत होते आणि दूर असलेल्या पालकांना मात्र काही दिसत नव्हते.

‘सिग्नल तुटला’ आणि ‘सेन्सर त्रुटी’ या दोन सूचनांमधला फरक मी प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत समजावते, कारण त्यांच्यावरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. पहिली सूचना सांगते की फोनला ट्रान्समीटर ऐकू येत नाही. सेन्सर मोजत असू शकतो. दुसरी सांगते की ट्रान्समीटर ऐकू येतो आहे, पण तारेकडून मिळणारा संकेत त्याला विश्वासार्ह वाटत नाही. पहिल्या वेळी फोन, अंतर आणि परवानग्या पाहायच्या असतात. दुसऱ्या वेळी फोनमध्ये काहीही बदलू नये. चिकटपट्टीची कड उचलली गेली आहे का आणि ट्रान्समीटर वेगळा असेल तर तो खाचेत पूर्ण बसला आहे का, हे पाहून थांबावे, कारण अशा अनेक त्रुटी काही तासांत आपोआप निवळतात.

आता सर्वांत उपयोगी खूण. तुम्ही लिहिले आहे की अर्ध्या-पाऊण तासाचा खंड सकाळी भरून निघतो. सिग्नल तुटलेला असतानाही सेन्सर मोजलेले आकडे स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि जोडणी परत आली की ते फोनला देतो. खंड भरून निघाला याचा अर्थ त्या वेळात तार, विकर आणि ट्रान्समीटर तिन्ही नीट काम करत होते. म्हणजे तुम्ही काढून टाकलेल्या दोन सेन्सरपैकी निदान ज्याचे खंड भरून निघत होते, तो चांगला होता असे मानायला जागा आहे. उलट, खंड रिकामाच राहिला तर लगेच सेन्सरला दोषी ठरवता येत नाही, कारण ही स्मृती प्रणालीप्रमाणे कमीजास्त असते. डेक्सकॉम जी६ या सेन्सरमध्ये ती ३ तासांची आहे आणि जी७ मध्ये २४ तासांची. फ्रीस्टाइल लिब्रे २ चा सेन्सर ८ तासांचे आकडे धरून ठेवतो आणि लिब्रे ३ चा सेन्सर त्याच्या १४ दिवसांच्या संपूर्ण कालावधीचे. पहाटे तीन ते सात असा चार तासांचा खंड जी६ मध्ये पडला, तर शेवटचे तीन तास भरतील आणि पहिला तास कायमचा रिकामा राहील, आणि तरीही सेन्सर निर्दोष असेल. म्हणून खंड किती वेळाचा, तो भरला का आणि किती भरला, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. माझ्या अनुभवात चार रात्रींची अशी नोंद जेवढे सांगते, तेवढे तासभराच्या दूरध्वनीवरील संभाषणातून कळत नाही.

छोट्या खंडांकडे प्रथम पाहू. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि पाणी त्या शोषून घेते. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच असल्यामुळे सेन्सर आणि फोन यांच्या मधे धड आले की सिग्नल फार क्षीण होतो. उत्पादकांनी सांगितलेले ६ किंवा १० मीटर हे अंतर मधे अडथळा नसतानाचे असते. मुलगी सेन्सरच्या बाजूवर झोपली, दंड गादी आणि छाती यांच्या मधे दबला आणि फोन पाठीमागे दाराजवळच्या फळीवर असला, तर मोकळ्या जागेतले ते अंतर उपयोगाचे राहत नाही. कूस बदलली की जोडणी परत येते, साठलेले आकडे धावत येतात आणि सकाळी सर्व काही नीट दिसते. तुमच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या खंडांचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. उपायही साधा आहे: फोन फळीवरून उचलून तिच्या उशाशी, ज्या दंडावर सेन्सर आहे त्या बाजूला, हात पोहोचेल इतक्या अंतरावर ठेवावा. पुढचा सेन्सर लावताना ती कोणत्या कुशीवर अधिक झोपते हे पाहून दुसरा दंड निवडावा.

या झोपण्याच्या सवयीनेच तो खोटा अलार्मही वाजला असण्याची दाट शक्यता आहे. सेन्सरवर शरीराचे वजन पडले की तेथील ऊती दाबल्या जातात, रक्तप्रवाह कमी होतो आणि तारेभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज खरोखरच घटते, जरी उरलेल्या शरीरातील साखर ठीक असली तरी. अशा वेळी आलेख एकाएकी कड्यावरून पडल्यासारखा खाली जातो आणि दाब निघाला की तितक्याच झपाट्याने वर येतो. खरी कमी झालेली साखर सहसा उतार दाखवत उतरते. तरीही आलेखाच्या आकारावरून ‘हा खोटा अलार्म आहे’ असे अंधारात ठरवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तुम्ही बोट टोचून पाहिलेत ते अगदी योग्य केलेत. तपासणे शक्य नसेल तर साखर खरोखर कमी आहे असे धरूनच उपचार करावा.

तीन वाजल्यापासून सकाळपर्यंतचे दोन खंड मात्र मला वेगळ्या जातीचे वाटतात. झोपेतले मूल चार तास एकाच कुशीवर, फोनला पाठ करून राहणे फारसे संभवत नाही. शिवाय दोन्ही खंड जवळपास एकाच वेळी सुरू झाले आणि मुलगी उठल्यावर, म्हणजे बहुधा कोणीतरी फोन हातात घेऊन उघडल्यावर संपले. हे शरीराचे लक्षण नव्हे, फोनच्या वेळापत्रकाचे आहे. अनेक फोनमध्ये रात्री ठरावीक वेळी स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची सोय असते आणि सिस्टिमचे अद्ययावतीकरणही अशाच वेळी होते. पुन्हा सुरू झालेला फोन पासवर्ड किंवा पिन घालून एकदा उघडला जाईपर्यंत बहुतेक ॲपना चालूच होऊ देत नाही. फोन फळीवर शांतपणे चालू दिसतो, पण सेन्सरचे ॲप निद्रिस्त असते. आणि यातली खरी काळजीची बाब अशी, की ॲपच चालू नसल्यामुळे ‘सिग्नल तुटला’ हा अलार्मसुद्धा त्या फोनवर वाजत नाही. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पुन्हा सुरू होण्याची वेळ ठरवलेली आहे का ते आजच पाहावे आणि ती बंद करावी. आपोआप होणारे अद्ययावतीकरणही बंद ठेवावे. नवी आवृत्ती सेन्सरच्या कंपनीने तपासलेल्या फोनच्या यादीत आली आहे हे पाहून, दिवसा, तुम्ही जाग्या असताना ती घ्यावी.

पुन्हा सुरू होण्याचे वेळापत्रक सापडले नाही, तर दुसरा संशय बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेवर घ्यावा. अँड्रॉइडमध्ये सहाव्या आवृत्तीपासून अशी योजना आहे की फोन चार्जरला नसेल, हलत नसेल आणि पडदा बंद असेल, तर काही वेळाने पार्श्वभूमीतली कामे रोखली जातात. रात्री फळीवर ठेवलेला फोन या तिन्ही अटी पूर्ण करतो. याची चाचणी फार सोपी आहे: एक-दोन रात्री फोन चार्जरला लावून ठेवावा. खंड नाहीसे झाले, तर कारण सापडले. मग सेन्सरच्या ॲपला बॅटरीच्या बंधनांतून सूट द्यावी. काही उत्पादक याच्या जोडीला स्वतःची आणखी कडक व्यवस्था घालतात, म्हणून ‘झोपलेली ॲप’ किंवा ‘न वापरलेली ॲप’ अशा नावाची यादी कोठे आहे का ते शोधून तीतूनही हे ॲप काढावे. परवानग्याही याच वेळी पाहाव्यात. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून ब्लूटूथसाठी ‘जवळपासची उपकरणे’ ही वेगळी परवानगी लागते, तर त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये ट्रान्समीटर शोधण्यासाठी स्थानाची परवानगी लागत असे. अनेकांना ती नको तेथे मागितलेली वाटून ते ती नाकारतात आणि जोडणी गमावतात. हे वाचणाऱ्या आयफोनधारकांनी एवढेच लक्षात घ्यावे की उघड्या ॲपच्या यादीतून सेन्सरचे ॲप वर सरकवून बंद करण्याची सवय सोडावी. तसे केल्याने ते खरोखर थांबते.

घरात मुलीचा जुना फोन पडून आहे का, हेही मला विचारायचे आहे. बहुतेक ट्रान्समीटर एका वेळी एकाच फोनशी बोलतात. काहींमध्ये एक फोन आणि एक रिसीव्हर (आकडे दाखवणारे स्वतंत्र यंत्र) किंवा इन्सुलिन पंप एवढी मुभा असते. खणात ठेवलेला, पण चालू असलेला जुना फोन ती एकमेव जागा पटकावू शकतो आणि नवा फोन मात्र वाट पाहत राहतो. अशी घरे मी अनेक पाहिली आहेत. जुन्या फोनवरचे ब्लूटूथ बंद करताच तेथे आठवड्यांचा त्रास संपला आहे.

मायक्रोवेव्ह, वायफाय राउटर आणि शेजारच्या खोलीतील उपकरणे यांच्याबद्दल पालक फार विचारतात. ती त्याच वारंवारितेच्या पट्ट्यात काम करतात हे खरे आहे, पण ब्लूटूथ आपली वाहिनी सतत बदलत राहते, त्यामुळे अशा व्यत्ययाने एखादा आकडा हुकतो. तास-तास जोडणी जात नाही. फोन राउटरला खेटून ठेवू नये, एवढे पुरे.

ॲप पुसून नव्याने टाकण्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण सर्वांना तोच उपाय प्रथम सुचतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही तो सल्ला देत असे. एका वडिलांनी माझ्या सांगण्यावरून ॲप पुसले, आणि त्यांच्या प्रणालीत चालू सेन्सर ॲपच्या त्याच स्थापनेशी बांधलेला असल्यामुळे, नऊ दिवस शिल्लक असलेला सेन्सर पुन्हा जोडलाच गेला नाही. त्यांनी मला दोष दिला नाही, पण त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा एकदा टोचून घ्यावे लागले, आणि तेव्हापासून मी हा उपाय शेवटी ठेवते. काही प्रणालींत सेन्सरचा कोड आणि ट्रान्समीटरचा अनुक्रमांक पुन्हा घालून चालू सेन्सर परत जोडता येतो, काहींत येत नाही. आपली प्रणाली कोणती हे माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय ॲपला हात लावू नये. सेन्सर लावण्याचे साधन आणि त्यावरचा कोड मुदत संपेपर्यंत फेकू नये. ॲप पुसण्यात आणखी एक तोटा आहे: त्यासोबत सूचनांचा इतिहास जाऊ शकतो, म्हणजे ज्याच्या आधारे कारण शोधायचे तेच हातातून जाते. तुमच्या बाबतीत दरवेळी ॲप नव्याने टाकल्यावर परवानग्या आणि बॅटरीची सूट पुन्हा मूळ स्थितीत गेली असणार, आणि त्यामुळे त्रास कमी होण्याऐवजी वाढला असण्याचीही शक्यता आहे.

जोडणी तुटलेली असताना क्रम असा ठेवावा. फोन सेन्सरच्या जवळ आणावा. ॲप उघडावे. ब्लूटूथ एकदा बंद करून चालू करावे, आणि त्यानंतर पंधरा मिनिटे काहीही करू नये. ट्रान्समीटर बॅटरी वाचवण्यासाठी मधल्या काळात शांत असतो आणि अनेक प्रणालींत दर ५ मिनिटांनी क्षणभर बोलतो. दर मिनिटाला ब्लूटूथ चालू-बंद करणारा माणूस नेमका तो क्षण हुकवत राहतो. पंधरा मिनिटांनी जोडणी आली नाही, तर फोन पुन्हा सुरू करावा, पिन घालून उघडावा आणि पुन्हा तितकेच थांबावे. जोडणीची परवानगी मागणारी खिडकी आली तर ती नाकारू नये. याउपर एक तास गेला, तर कंपनीच्या मदत केंद्राशी बोलावे.

हा शोध चालू असलेल्या रात्री मुलगी सुरक्षित राहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. सिग्नल तुटल्याचा अलार्म चालू ठेवावा. बहुतेक प्रणालींत तो २० मिनिटांनी वाजतो. तुमच्या फोनवरही, आकडे येणे थांबल्यास सूचना देणारी सोय असेल तर ती चालू करावी, कारण मुलीच्या फोनवरचे ॲपच झोपले तर तुम्हाला उठवणारी तीच एक वस्तू उरते. तुमच्या प्रणालीला स्वतंत्र रिसीव्हर जोडता येत असेल, तर तो रात्री तुमच्या खोलीत नव्हे, तिच्या उशाशी ठेवावा. मात्र काही प्रणालींत रिसीव्हर सेन्सर सुरू करतानाच जोडावा लागतो, नंतर जोडता येत नाही. पंप सेन्सरच्या आकड्यांवर स्वतः इन्सुलिन कमीजास्त करणारा असेल, तर सिग्नल गेल्यावर काही वेळाने तो आधी ठरवलेल्या बेसल दरावर (सतत थोडे थोडे इन्सुलिन देण्याच्या दरावर) परततो आणि साखर घसरली तरी इन्सुलिन रोखत नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्या दिवशी खेळ अधिक झाला असेल किंवा झोपण्यापूर्वी इन्सुलिन दिले असेल, त्या रात्री खंड पडल्यास उठून ग्लुकोमीटरने तपासणे मी टाळणार नाही.

आज रात्रीपुरते सांगायचे तर: फोन सेन्सरच्या बाजूला उशाशी, चार्जरला लावलेला, आपोआप पुन्हा सुरू होणे बंद, जुना फोन असल्यास त्याचे ब्लूटूथ बंद, आणि सकाळी प्रथम मुलीच्या फोनवरची सूचना पाहून वहीत नोंद. एरवी मी एका वेळी एकच बदल करायला सांगते, म्हणजे नेमके कारण कळते, पण येथे मूल रात्री असुरक्षित राहत असल्यामुळे हे सर्व एकदम करावे आणि खंड थांबल्यावर हवे तर एकेक गोष्ट मागे घेऊन पाहावी.

एवढे करूनही चार-पाच रात्रींत सिग्नल तुटल्याची सूचना येत राहिली, फोन अगदी जवळ असताना आणि दिवसाही येऊ लागली, किंवा सेन्सर त्रुटीची सूचना वारंवार दिसली, तर मात्र ट्रान्समीटर किंवा सेन्सर सदोष असल्याचे मी मानेन. ट्रान्समीटर वेगळा आणि अनेक सेन्सरना चालणारा असेल, तर त्याचे वय पाहावे. जी६ चा ट्रान्समीटर ९० दिवसांसाठीच असतो. मदत केंद्राला फोन करताना सेन्सरचा लॉट क्रमांक, ट्रान्समीटरचा अनुक्रमांक, फोनचे मॉडेल आणि आवृत्ती, खंडांच्या वेळा आणि आलेखाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत. अशी नोंद दिली की बदली सेन्सर मिळण्याची शक्यता बरीच वाढते. आधी काढून टाकलेले दोन सेन्सर फेकले नसतील तर ते जपून ठेवावेत, कारण कंपनी ते तपासणीसाठी परत मागू शकते. आणि नवा सेन्सर लावायचा झाला तर तो सकाळी किंवा दुपारी लावावा, म्हणजे सुरुवातीचा आकडे न देणारा काळ आणि त्यानंतरचे अस्थिर तास मुलगी जागी असताना उलटून जातील.